पुढच्या शतकासाठी लिहिलेली वही

२००३ साली बर्कले इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले काही संशोधक आणि विद्यार्थी योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात गेले आणि रानउंदीर, खारी, चिचुंद्र्या पकडायला त्यांनी सापळे लावायला सुरुवात केली. सापळे कुठे लावायचे हे त्यांना नव्याने ठरवायचं नव्हतं. त्यांच्याजवळ जवळपास नव्वद वर्षांपूर्वीच्या हस्तलिखित पानांच्या प्रती होत्या. त्यांच्याच विद्यापीठातल्या माणसांनी १९१४ ते १९२० या काळात याच डोंगरांत मुक्काम करून ती पानं लिहिली होती. तळ कुठे होता, ओढा किती लांब होता, झाडी कसली होती, किती सापळे लावले आणि सकाळी त्यांत काय सापडलं, हे सगळं त्यांत होतं. त्या वर्णनांवरून जुन्या जागा शोधायच्या, तिथे पुन्हा मोजदाद करायची आणि मधल्या काळात काय बदललं ते पाहायचं, असं हे काम होतं. हवामानबदलामुळे प्राण्यांचे प्रदेश कसे सरकतात याचा एक अतिशय भक्कम पुरावा या खटाटोपातून हाती आला.

प्राणिशास्त्रात एम.एस्सी. किंवा पीएच.डी. करून पुढे काय करणार, हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी विचारला जातो. नोकऱ्यांची यादी मांडून त्याचं उत्तर देता येईल. पण त्याआधी हे शिक्षण माणसाला नेमकं काय शिकवतं ते समजून घ्यायला हवं. माझ्या मते त्याचा गाभा एकच आहे. प्राण्याविषयी अशी नोंद करायची, की जी आपल्याला कधीही न भेटलेल्या, कदाचित अजून जन्मालाही न आलेल्या माणसाला खात्रीने वापरता यावी. बर्कलेचं उदाहरण मी निवडलं ते यासाठीच. एका मोठ्या सार्वजनिक विद्यापीठात ही विद्या कशी रुजली, पिढ्यान्‌पिढ्या कशी शिकवली गेली आणि शंभर वर्षांनी तिचं मोल कसं कळलं, याचा पुरा इतिहास तिथे उपलब्ध आहे.

एक देणगीदार आणि एक शिक्षक

कॅलिफोर्निया विद्यापीठाची स्थापना १८६८ची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे प्राणिशास्त्राचा विभाग होता, पण पृष्ठवंशीय प्राण्यांचा मोठा संग्रह नव्हता. तो उभा राहिला ॲनी माँटेग्यू अलेक्झांडर या महिलेमुळे. हवाई बेटांवर साखरेच्या धंद्यात मोठ्या झालेल्या कुटुंबात १८६७ साली तिचा जन्म झाला. बर्कलेत पुराजीवशास्त्राची व्याख्यानं ऐकून तिला प्राण्यांच्या अभ्यासाची ओढ लागली. १९०४ साली ती वडिलांसोबत आफ्रिकेत गेली असताना व्हिक्टोरिया धबधब्याजवळ अपघातात वडील दगावले. त्यानंतर तिने आपली संपत्ती आणि स्वतःचा वेळ या कामाला वाहिला. पश्चिम अमेरिकेत वसाहती, शेती आणि खाणी झपाट्याने वाढत होत्या. तिथले प्राणी नाहीसे होण्याआधी त्यांची व्यवस्थित नोंद व्हावी, असं तिला वाटत होतं.

१९०८ साली तिच्या पैशातून बर्कलेत ‘म्युझियम ऑफ व्हर्टिब्रेट झूऑलॉजी’ सुरू झालं. संचालक म्हणून तिने जोसेफ ग्रिनेल या पॅसाडिनातल्या तरुण शिक्षकाला निवडलं आणि १९३९ साली मृत्यू येईपर्यंत ग्रिनेल त्या पदावर राहिले. स्वतः अलेक्झांडर आपली सहकारी लुईज केलॉग हिच्याबरोबर कित्येक वर्षं वाळवंटात आणि डोंगरात हिंडून नमुने गोळा करत राहिली.

१९१०च्या एका लेखात ग्रिनेल यांनी संशोधनासाठी असलेल्या संग्रहालयाचा हेतू सांगितला. या संग्रहाचं खरं मोल आज कळणार नाही. बरीच वर्षं, कदाचित एक शतक, उलटल्यावर भविष्यातल्या अभ्यासकाला आजची मूळ स्थिती इथे पाहायला मिळेल, असा त्यांच्या मांडणीचा आशय होता. संग्रहालय सुरू होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती.

नोंदीची शिस्त

ग्रिनेल यांनी विद्यार्थ्यांना लावलेली शिस्त आज जगभर ‘ग्रिनेल पद्धत’ म्हणून ओळखली जाते. तिचे तीन भाग आहेत. पहिला भाग रोजनिशीचा. तारीख, ठिकाण, हवामान, भूभाग, झाडी, चाललेली वाट, लावलेले सापळे आणि दिसलेले प्राणी त्यात त्या-त्या दिवशीच लिहायचे. दुसरा भाग यादीचा. गोळा केलेल्या प्रत्येक नमुन्याला संकलकाने आपला क्रमांक द्यायचा. त्यापुढे जात, लिंग, वजन, एकूण लांबी आणि शेपटी, मागचा पाय, कान यांची मापं लिहायची. तिसऱ्या भागात एकेका जातीसाठी स्वतंत्र पानं असतात. ती जात काय खात होती, कशी ओरडत होती, कोणत्या झुडपात घरटं होतं, हे त्यांवर उतरवायचं. कागद टिकाऊ, शाई काळी आणि न फिकटणारी. मोहिमेनंतर ही पानं बांधून संग्रहालयात ठेवली जात.

नमुन्यालाही तितकंच महत्त्व होतं. पकडलेल्या उंदराची कातडी सोलून, आत कापूस भरून, शिवून ती वाळवायची आणि पायाला चिठ्ठी बांधायची. कवटी साफ करण्यासाठी डर्मेस्टिड कुळातल्या भुंगेऱ्यांच्या स्वाधीन करायची. त्यांच्या अळ्या हाडाला धक्का न लावता मांस खाऊन टाकतात. चिठ्ठीवरचा क्रमांक, कवटीवरचा क्रमांक आणि वहीतला क्रमांक एकच. त्यामुळे खणात ठेवलेला उंदीर कोणत्या दिवशी, कोणत्या उतारावर, कोणाच्या सापळ्यात सापडला हे आजही शोधून काढता येतं. क्रमांक हरवला की उरते ती फक्त कापूस भरलेली कातडी.

एकाच जागेकडे इतक्या बारकाईने पाहण्याच्या सवयीतून मोठा सिद्धान्तही जन्माला येऊ शकतो. कॅलिफोर्नियात दाट झुडपांच्या प्रदेशात थ्रॅशर नावाचा एक पक्षी राहतो. तो इथेच का राहतो, याचा विचार करताना ग्रिनेल यांनी तापमान, पाऊस, झुडपांची ठेवण, त्याची चोच आणि आखूड पंख यांचा मेळ घातला आणि १९१७ साली त्या पक्ष्याच्या ‘निश’विषयी लेख लिहिला. एखाद्या जातीला जगण्यासाठी नेमकी कोणती परिस्थिती लागते, तो तिचा निश. परिसरशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आज ही कल्पना आहे.

रिकाम्या सापळ्याची किंमत

ग्रिनेल आणि त्यांचे विद्यार्थी ट्रेसी स्टोरर यांनी योसेमिटीचं काम १९२४ साली मोठ्या ग्रंथाच्या रूपात प्रसिद्ध केलं. स्टोरर पुढे त्याच विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संकुलात गेले आणि तिथलं प्राणिशास्त्र त्यांनी उभं केलं. ग्रिनेल यांचे इतर विद्यार्थीही अमेरिकेतल्या विद्यापीठांत आणि संग्रहालयांत पसरले, आणि ही पद्धत त्यांच्याबरोबर गेली.

जुन्या नोंदींची पहिली धक्कादायक तुलना बेडकांची होती. योसेमिटीच्या परिसरात ग्रिनेल आणि स्टोरर यांनी पाहिलेल्या जागा संशोधकांनी पुन्हा धुंडाळल्या. एके काळी विपुल असलेल्या जाती कित्येक ठिकाणी दिसेनाशा झाल्या होत्या. १९९६ साली हे निष्कर्ष छापले गेले. पूर्वी तिथे बेडूक होते, हे केवळ जुन्या वहीमुळे ठामपणे सांगता आलं.

२००३ पासूनच्या सस्तन प्राण्यांच्या फेरसर्वेक्षणाचे निष्कर्ष २००८ साली ‘सायन्स’ नियतकालिकात आले. मधल्या काळात तिथलं किमान तापमान सुमारे ३ अंश सेल्सियसने वाढलं होतं. अभ्यासलेल्या २८ लहान सस्तन जातींपैकी निम्म्या जातींच्या सीमा डोंगरावर वर सरकल्या होत्या, सरासरी सुमारे ५०० मीटर. सखल भागातल्या काही जातींचा प्रदेश वाढला होता, तर उंचावर राहणाऱ्यांचा आक्रसला होता. अल्पाइन चिपमंक या खारीसारख्या छोट्या जातीची खालची सीमा तर सहाशे मीटरहून अधिक वर गेली होती. डोंगरावर राहणाऱ्या प्राण्याला वर सरकण्याची मुभा शिखरापर्यंतच असते.

इथे एक रास्त शंका येते. १९१५ साली लोक मारणारे सापळे आणि बंदुका वापरत. २००३ मध्ये जिवंत पकडून सोडणारे सापळे वापरले गेले. मग तुलना खरी कशी मानायची? एखादी जात आज सापडली नाही याचा अर्थ ती तिथे नाही, की सापळ्यात आली नाही? याचं उत्तर जुन्या रोजनिशीतच होतं. किती सापळे किती रात्री लावले आणि प्रत्येक रात्री काय मिळालं, हे त्यांत लिहिलेलं होतं. एखादी जात असूनही हाती न लागण्याची शक्यता किती, हे दर रात्रीच्या यशापयशावरून संख्याशास्त्राने काढता येतं. तसं काढून, दोन्ही काळांतला फरक लक्षात घेऊन निष्कर्ष मांडले गेले. सकाळी सगळे सापळे रिकामे निघाले तरी ते लिहून ठेवणं हा त्या विद्यार्थ्यांच्या कामाचा भाग होता. त्या नोंदीवाचून हा हिशोब झाला नसता.

याच साठ्यावर पुढच्या विद्यार्थ्यांनी आपले प्रबंध उभे केले. मॉर्गन टिंगली यांनी सहकाऱ्यांसह सिएरा नेवाडा पर्वतरांगेतल्या पक्ष्यांच्या जुन्या-नव्या नोंदी ताडून पाहिल्या. ५३ पैकी ४८ जाती बदलत्या तापमानाच्या किंवा पावसाच्या मागोमाग आपापल्या निशप्रमाणे सरकल्या होत्या. एमिली रुबिज यांनी संग्रहालयातल्या अल्पाइन चिपमंकच्या जुन्या कातड्यांतून डीएनए मिळवला आणि तो आजच्या चिपमंकच्या डीएनएशी ताडला. प्रदेश आक्रसल्यावर त्यांची जनुकीय विविधताही घटल्याचं २०१२ साली दिसून आलं. ज्यांनी त्या कातड्या शिवल्या, त्यांच्या काळात डीएनएची रचनाही कोणाला ठाऊक नव्हती.

मोहावी वाळवंटातून आलेला निष्कर्ष सर्वांत गंभीर आहे. केली इकनायन आणि त्यांचे मार्गदर्शक स्टीव्हन बाइसिंजर यांनी तिथल्या ६१ जुन्या जागा पुन्हा पाहिल्या. २०१८ साली छापलेल्या या अभ्यासानुसार एकेका जागेवरच्या पक्षिजातींपैकी सरासरी ४३ टक्के जाती नाहीशा झाल्या होत्या. कमी झालेला पाऊस हे त्याचं मोठं कारण दिसलं. उष्णतेत शरीर थंड ठेवायला पक्ष्याला श्वासावाटे आणि त्वचेवाटे पाणी गमवावं लागतं आणि वाळवंटात ते भरून काढणं अवघड असतं. त्याच वाळवंटातले लहान सस्तन प्राणी मात्र बऱ्यापैकी टिकून राहिल्याचं २०२१ साली दिसलं. त्यांतले बहुतेक रात्री बाहेर पडतात आणि दिवस बिळात काढतात. जमिनीखालच्या गारव्याने त्यांना वाचवलं. एकाच उन्हात दोन प्राणिगटांचं भवितव्य इतकं वेगळं का, हे शरीरक्रियाशास्त्र आणि जुन्या रोजनिश्या एकत्र ठेवल्यावरच उलगडलं.

पाच-सहा वर्षांचा अभ्यासक्रम

अशा विद्यापीठात पीएच.डी.चा विद्यार्थी काय करतो? अमेरिकेत पदवीनंतर थेट पीएच.डी.ला प्रवेश घेता येतो, वेगळी एम.एस्सी. सक्तीची नसते. पहिल्या एक-दोन वर्षांत तो काही विषय शिकतो, विषय निश्चित करतो आणि पदवीच्या विद्यार्थ्यांना शिकवतोही. बर्कलेत पृष्ठवंशीय प्राण्यांच्या निसर्गेतिहासाचा एक अभ्यासक्रम ग्रिनेल यांच्या काळापासून चालत आला आहे. त्यात पदवीचे विद्यार्थी दर आठवड्याला बाहेर जाऊन पक्षी आवाजावरून ओळखायला, पाली-सरडे शोधायला आणि पद्धतशीर वही लिहायला शिकतात. त्या फेऱ्यांना पीएच.डी.चे विद्यार्थी सोबत असतात. शिकवता-शिकवता त्यांची स्वतःची नजरही तयार होते.

पुढे तोंडी पात्रता परीक्षा होते. प्राध्यापकांची समिती विद्यार्थ्याला त्याच्या विषयाबद्दल आणि आजूबाजूच्या शास्त्रांबद्दल उलटसुलट विचारते. ती पार झाली की प्रबंधाचं काम. त्यात नमुने गोळा करण्याचे किंवा प्राणी हाताळण्याचे परवाने, नैतिकता समितीची मान्यता, संशोधनासाठी निधी, जंगलातले ऋतू, प्रयोगशाळा आणि संगणकावरचं विश्लेषण हे सगळं येतं. साधारण पाच-सहा वर्षं लागतात. पैशाची ओढाताणही असते. २०२२च्या अखेरीस कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सर्व संकुलांतले सुमारे ४८ हजार विद्यार्थी-शिक्षक, संशोधक आणि इतर शैक्षणिक कर्मचारी वेतनवाढीसाठी संपावर गेले होते. ज्यांच्या श्रमावर विद्यापीठाचं शिकवणं आणि संशोधन चालतं, त्यांना जगण्यापुरतं वेतन मिळायलाच हवं.

आपल्याकडची वाट वेगळी आहे. पदवीनंतर बहुतेकांना दोन वर्षांची एम.एस्सी. करावी लागते आणि तिच्यात संशोधनाला बहुधा शेवटचं एखादं सत्र मिळतं. पुढे नेट परीक्षा आणि कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती. ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये आहे. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार चार वर्षांची पदवी किमान ७५ टक्के गुणांनी मिळवणाऱ्यालाही पीएच.डी.ला अर्ज करता येतो आणि पीएच.डी.साठी किमान तीन वर्षं ठरलेली आहेत. प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातलं शवविच्छेदनही यूजीसीच्या निर्देशांमुळे गेल्या दशकात बंद झालं. ते बंद होणं योग्यच होतं. त्यामुळे प्रात्यक्षिकाचे जे तास मोकळे झाले, ते जिवंत प्राण्याच्या निरीक्षणाला द्यायला हवे होते. कित्येक ठिकाणी त्यांची जागा तक्त्यांनी आणि पडद्यावरच्या चित्रांनी घेतली.

सार्वजनिक विद्यापीठच का?

शंभर वर्षांचं काम कोणी एक माणूस करू शकत नाही. दोन-तीन वर्षांच्या निधीवर चालणाऱ्या प्रकल्पालाही ते झेपणारं नाही. बर्कलेचा प्राणिशास्त्र विभाग १९८९च्या पुनर्रचनेत त्या नावाने उरला नाही. त्याचे विषय नव्या विभागांत वाटले गेले. संग्रहालय, नमुने आणि वह्या मात्र टिकल्या, कारण त्या सांभाळणं ही विद्यापीठाने आपली कायमची जबाबदारी मानली होती. खासगी देणगीने सुरुवात झाली. सातत्य मिळालं ते सार्वजनिक संस्थेमुळे.

ही जबाबदारी आपोआप टिकत नाही. २०१७ साली लुईझियाना विद्यापीठाच्या मन्‍रो इथल्या संकुलात मैदानावरच्या धावमार्गाच्या विस्तारासाठी मासे आणि वनस्पतींचा मोठा संग्रह थोड्या मुदतीत हलवायला सांगण्यात आला. जागा न मिळाल्यास तो नष्ट करण्याची वेळ आली होती. शास्त्रज्ञांनी आवाज उठवला आणि इतर संस्था पुढे आल्या. सार्वजनिक विद्यापीठाच्या खणांत काय ठेवलं आहे याची समाजाला कल्पना असेल, तरच ते वाचतं.

खानदेशापासून सुरुवात

ग्रिनेल योसेमिटीत सापळे लावत होते त्याच सुमारास आपल्याकडेही असं काम सुरू झालं होतं. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने १९११ साली भारतातल्या सस्तन प्राण्यांचं सर्वेक्षण हाती घेतलं. त्याची सुरुवात खानदेशातून झाली. सी. ए. क्रम्प यांनी तिथे नमुने गोळा केले आणि त्यांवर आर. सी. रॉटन यांनी लिहिलेला सर्वेक्षणाचा पहिला अहवाल सोसायटीच्या जर्नलमध्ये छापला गेला. पुढे १९३१-३२ मध्ये सलीम अली यांनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांचं सर्वेक्षण केलं; मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. त्यानंतर त्यांनी त्रावणकोर-कोचीनचं सर्वेक्षण केलं, आणि केरळमधल्या पक्षी-अभ्यासकांनी २००९ साली त्याच ठिकाणी पुन्हा जाऊन तुलना केली. जर्नलचे ते जुने अंक आज ‘बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी’ या संकेतस्थळावर कोणालाही मोफत वाचता येतात.

जळगाव, धुळे, नंदुरबार, संभाजीनगर, नांदेड इथल्या महाविद्यालयांत दरवर्षी कितीतरी मुलं-मुली प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करतात. शंभर वर्षांपूर्वीच्या पहिल्या अहवालाची भूमी त्यांच्या दारात आहे. केळी आणि कापसाच्या पिकांखालच्या जमिनी, धरणं, वाढलेली शहरं आणि उन्हाळ्याची वाढलेली तीव्रता यांचा उंदीर, खारी, वटवाघळं आणि पक्षी यांवर काय परिणाम झाला, हे तिथल्याच विद्यार्थ्यांनी पाहायला हवं. पक्ष्यांची मोजणी आणि पाऊलखुणांच्या नोंदी यांना फार खर्च येत नाही. प्राणी पकडायचे असतील तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालच्या परवानग्या मार्गदर्शकाने वेळेत घ्यायला हव्यात.

प्राणिशास्त्राच्या प्रत्येक पदव्युत्तर विभागाला माझी कळकळीची विनंती आहे. दोन्ही वर्षं प्रत्येक विद्यार्थ्याकडून क्षेत्रवही लिहून घ्या. तारीख, नेमकं ठिकाण, वेळ, केलेले प्रयत्न आणि काही दिसलं नाही तर तेही त्यात येऊ द्या. त्या वहीला गुण द्या. आणि परीक्षा संपल्यावर ती रद्दीत न घालता विद्यापीठाच्या ग्रंथालयात क्रमांक देऊन जपून ठेवा. २१२५ साली आपल्या जिल्ह्यातल्या प्राण्यांचं काय झालं हे ज्यांना जाणून घ्यायचं असेल, त्यांना याच वह्यांचा आधार असेल.